दहापैकी किती सुखी?

‘धार्मिक माणसे अधिक सुखी असतात, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे’ असे वाक्य शिक्षकांच्या खोलीत अधूनमधून ऐकू येते. अरब देशांतील पाहण्यांचा त्याला दाखला दिला जातो. या विषयावर मानसशास्त्रज्ञ अहमद अब्देल-खालेक यांनी पुष्कळ काम केले आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत कुवेतमधील दोन हजारांहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थी होते. प्रश्न अगदी साधे : तुम्ही किती धार्मिक आहात? किती सुखी? शारीरिक व मानसिक आरोग्य कसे आहे? प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यायचे. धार्मिकतेला जास्त गुण देणाऱ्यांनी सुखालाही सरासरीने जास्त गुण दिले. बहुतेक मानसशास्त्र पाश्चात्त्य विद्यार्थ्यांवर उभे असताना हे काम झाले, याचे मोल आम्ही मानतो. तक्रार आहे ती त्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाबद्दल.

दोन्ही गुण देणारा माणूस एकच, बैठकही एकच. नांदेड-लातूरकडच्या खेड्यात कोणालाही ‘कसं चाललंय?’ विचारा, ‘देवाच्या कृपेनं बरं आहे’ असे उत्तर ठरलेले. हे सुखाचे माप की बोलण्याची रीत? धार्मिकता हा सद्गुण आणि कुरकुर हा कृतघ्नपणा मानणाऱ्या समाजात दोन्ही आकडे जोडीनेच वर सरकणार.

त्याहून अवघड प्रश्न आहे कशामुळे काय घडले याचा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. गणेश विसर्जन आटोपून लोक झोपले होते. ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारीचा परिसर हादरला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड धाबी अंगावर कोसळून सुमारे आठ हजार माणसे गेली. समजा, वाचलेल्यांपैकी एक बाई दुःख सोसवेना म्हणून भजनाला जाऊ लागली. दुसरीने देवघर कायमचे बंद केले. तिसरीला अंथरुणातून उठण्याचे बळच उरले नाही, म्हणून देऊळ सुटले. कागदावर पहिली ‘धार्मिक व दुःखी’, उरलेल्या दोघी ‘अधार्मिक व दुःखी’. श्रद्धेने कोणाला काय दिले, हे एकदाच घेतलेल्या गुणांतून कळत नाही; त्यासाठी तीच माणसे वर्षानुवर्षे भेटावी लागतात.

शिवाय देवाच्या दारी माणसेही भेटतात. नांदेडच्या सचखंड गुरुद्वारात लंगरच्या पंगतीला बसून जे समाधान मिळते, ते श्रद्धेचे किती आणि शेजाऱ्याच्या सोबतीचे किती? एड डीनर व सहकाऱ्यांनी २०११ साली अनेक देशांच्या आकडेवारीवरून दाखवले, की हा संबंध बराचसा सोबत, आदर आणि जगण्याला अर्थ वाटणे यांतून येतो. जेथे जीवनमान बरे, तेथे धार्मिक व अधार्मिक यांच्या सुखात फारसा फरक उरत नाही.

वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी घर सोडून लातूरला आलेला, झोप उडालेला, जेवण तुटलेला मुलगा शिक्षकांकडे येतो. ‘रोज नामस्मरण कर, विज्ञानही तेच सांगतं,’ हे ऐकून परत जातो. नामस्मरण त्याने खुशाल करावे. पण त्याच कुवेती पाहणीत, त्याच कच्च्या मापाने का होईना, सुखाशी सर्वांत घट्ट संबंध दिसला तो मानसिक आरोग्याचा. त्या मुलाला त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्यायला हवे होते.