'उचल्या'तील पोलीस

लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनाची चर्चा बहुधा भूक आणि बंड यांभोवती फिरते. त्यातील पोलिसाचा विचार व्हावा तितका झालेला नाही. वस्तुतः तो या कथनात ऋतूसारखा येतो. वस्तीची झडती घेतो, मारतो, हिस्सा उचलतो. गुन्हा कोणी केला, यापेक्षा कोणत्या वस्तीत शिरावयाचे हेच त्याला अधिक पक्के ठाऊक असते. हा निर्णय त्या शिपायाचा म्हणावा काय? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तो आधीच नोंदवहीत लिहिला होता. १९५२ मध्ये तो कायदा गेला. सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे राज्याराज्यांत राहिले. आपली भाषाही निर्दोष नाही. 'भामटा' हे एका जमातीचे नाव आपण लबाडाला उद्देशून सहज वापरतो! शिपाई तरी याच भाषेत विचार करणार.

परंतु गायकवाडांच्या पोलिसाला स्वतःची जात नाही. तो कोणत्या घरातून आला, गणवेशाखाली काय झाकतो, हे कळत नाही. मार खाणाऱ्या पोराकडून त्याची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. तरी वाचकाला ते हवे असते. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून निघालेल्या 'अर्धसत्य' (१९८३) या चित्रपटात नेमके उलट घडते. अनंत वेलणकर या फौजदाराचे अंतरंग उलगडत जाते. त्याच्या मारहाणीत कोठडीत मरणारा भुरटा चोर मात्र पुसटच राहतो. वेलणकर हे आडनाव आपल्याला ऐकू येते. चित्रपट त्याविषयी काही विचारीत नाही.

ही दोन माणसे एकाच मराठी कृतीत समोरासमोर यावीत, असे बंगळूरकडे पाहताना विशेष वाटते. इंडिया जस्टिस रिपोर्टच्या २०२२ च्या पाहणीनुसार अधिकारी व शिपाई या दोन्ही स्तरांवर अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग यांच्या राखीव जागा भरणारे कर्नाटक हे एकमेव राज्य. तेथील एखाद्या ठाण्यात विमुक्त जमातीच्या तरुणापुढे त्याच्याइतक्याच उपेक्षित घरातला फौजदार बसलेला असू शकतो. टेबलावर मात्र १९६१ चा सराईत गुन्हेगार कायदा असतो. विमुक्तांना मनमानीने अटक होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजीही बजावावे लागले. त्या फौजदाराचा हात नोंदवहीकडे जातो की समोरच्या माणसाकडे, हे आकडे सांगू शकत नाहीत. ते कादंबरीकाराने सांगावयाचे आहे, आणि मराठीत त्या कादंबरीची वाट मी पाहतो आहे.