हुतात्म्याच्या नाटकात शोक कोणाचा?

हुतात्म्यावर शोकांतिका लिहिणे मोठे कठीण. शोकांतिकेचा नायक मृत्यूशी झुंजतो आणि हरतो. हुतात्मा मरणातच आपला विजय मानतो. मग प्रेक्षकाने अश्रू ढाळावेत ते कोणासाठी? टी. एस. एलियटच्या ‘मर्डर इन द कॅथीड्रल’ या पद्यनाटकाने या पेचातून काढलेली वाट पाहण्यासारखी आहे.

कथा इतिहासातली आहे. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री आणि थॉमस बेकेट हे एके काळचे जिवलग स्नेही. ११६२ साली राजाच्याच इच्छेने बेकेट कँटरबरीचा आर्चबिशप झाला. पण गुन्हेगार धर्मोपदेशकांचा न्याय कोणी करावा, राजाने की धर्मपीठाने, या वादात स्नेहाचे वैर झाले. ११६४ साली बेकेट फ्रान्सला निघून गेला. डिसेंबर ११७० मध्ये तो परतला आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला चार सरदारांनी त्याला कॅथीड्रलमध्येच ठार केले. १९३५ साली या नाटकाचा पहिला प्रयोगही त्याच कॅथीड्रलच्या आवारात झाला.

शेवट सर्वांना ठाऊक असलेली ही कथा! पण कीर्तनाला बसलेल्या श्रोत्यांनाही आख्यानाचा शेवट ठाऊक असतोच. त्यांना पाहायचे असते, ते माणसाचे मन तेथवर कसे पोचते हे.

ते मन एलियट चार मोहांतून उलगडतो. पहिला मोह गतकाळच्या सुखविलासाचा, दुसरा राजसत्तेचा, तिसरा राजाविरुद्ध सरदारांशी हातमिळवणी करण्याचा. हे तिन्ही थॉमस सहज परतवतो. चौथा मात्र त्याच्याच अंतरीची गुप्त इच्छा बोलून दाखवतो: हुतात्मा हो, म्हणजे मेल्यावरही जग तुझ्या समाधीपुढे वाकेल. पुण्यकृत्यामागे दडलेला हा अहंकार हाच नाटकातला खरा शत्रू. त्याला जिंकल्यावर नायक निश्चल होतो. उत्तरार्धात पुरोहितांनी लावून घेतलेले दार तो स्वतःच उघडायला लावतो.

नायक निश्चल झाला की नाटक थिजण्याचा धोका असतो. तो टळतो कँटरबरीच्या गोरगरीब बायकांच्या वृंदामुळे. काही घडूच नये, चालले आहे ते कसेबसे चालू राहावे, एवढेच त्यांचे मागणे. थॉमस निर्भय होत जातो तसतशी त्यांची भीती वाढत जाते. खून होताच सारी सृष्टीच विटाळली असे त्यांना वाटते. शोकांतिकेतले भय आणि करुणा येथे नायकापाशी नाही, या बायकांपाशी आहे.

पुढे मारेकरी पद्य सोडून साध्या गद्यात प्रेक्षकांनाच समजावू लागतात की, हे सारे राज्याच्या हितासाठी झाले. त्यांचा युक्तिवाद ऐकून आपण हसतो आणि क्षणभर मानही डोलावतो. त्या मान डोलावण्याने आपणही गुन्ह्यात ओढले जातो.

नाटकात उणीव नाही असे नव्हे. राजा रंगभूमीवर येतच नाही. त्यामुळे एका मैत्रीच्या विध्वंसाची व्यथा दूरच राहते, आणि थॉमस आदरणीय वाटला तरी जवळचा वाटत नाही.

तरीही शेवटी त्या बायका आपल्या दुबळेपणाची क्षमा मागतात तेव्हा मन हलते. थॉमसला आपल्या अश्रूंची गरज नाही. ती आहे दार लावून घरात बसणाऱ्यांना. आणि वाचकहो, त्यांत आपणही आलोच.