‘अपूर्ण’ ठरविलेला अल्बम : यू-टूच्या ‘पॉप’चे ग्रहण

डब्लिन येथे १९७६ साली स्थापन झालेल्या यू-टू या रॉक बँडचा ‘पॉप’ हा नववा स्टुडिओ अल्बम मार्च १९९७ मध्ये प्रकाशित झाला. एखाद्या कलाकृतीचे मूल्यमापन कालौघात बदलत गेल्याची उदाहरणे साहित्याच्या इतिहासात पुष्कळ आहेत. ‘पॉप’च्या बाबतीत जे घडले ते मात्र काहीसे वेगळे आहे. प्रथम अनेक समीक्षकांनी त्याचे स्वागत केले, नंतर श्रोत्यांच्या मोठ्या वर्गाने पाठ फिरवली आणि अखेरीस खुद्द निर्मात्यांनीच आपल्या कृतीविरुद्ध साक्ष दिली. ही साक्ष समीक्षेने जवळजवळ जशीच्या तशी स्वीकारली. ती स्वीकारणे कितपत योग्य होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ग्रहणसिद्धांताचे प्रवर्तक हान्स रॉबर्ट याऊस यांची ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना येथे उपयोगी पडते. ‘द जोशुआ ट्री’ (१९८७) या अल्बमने यू-टूच्या श्रोत्यांच्या मनात एक क्षितिज निश्चित केले होते : विस्तीर्ण गिटारनाद, उत्कट गायन आणि नैतिक गांभीर्य. ‘आख्तुंग बेबी’ (१९९१) आणि ‘झूरोपा’ (१९९३) यांनी ते क्षितिज हलवले, पण मोडले नाही. ‘पॉप’ने नृत्यसंगीतातील तालचक्रे, तुकडे जोडून रचलेले ध्वनी आणि उपरोध थेट पुढे आणला. ‘डिस्कोथेक’ या पहिल्या गाण्याच्या चित्रफितीत चौघे वादक सत्तरच्या दशकातील डिस्कोगटाच्या वेषात नाचताना दिसले, तेव्हा अमेरिकेतील जुन्या चाहत्यांना आपलीच थट्टा होत असल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही. अल्बमनंतरच्या दौऱ्याची घोषणाही न्यूयॉर्कमधील एका सुपरबाजारात झाली होती.

आरंभीच्या परीक्षणांचा सूर अनुकूल होता. ‘रोलिंग स्टोन’ने पाचपैकी चार तारे दिले. अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत अल्बम प्रथम क्रमांकावर पोहोचला, परंतु तेथे टिकला नाही. ‘द जोशुआ ट्री’ला अमेरिकेत एक कोटी प्रतींचे प्रमाणपत्र आहे, तर ‘पॉप’ दहा लाखांच्या प्रमाणपत्रावरच थांबला. ‘पॉपमार्ट’ या दौऱ्यातील अमेरिकेतल्या कित्येक स्टेडियममध्ये खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

या अपयशाचे स्पष्टीकरण बँडने स्वतःच पुरवले. ढोलवादक लॅरी मलन यांच्या पाठीच्या दुखण्यामुळे आरंभीचे काम त्यांच्याविना झाले. अल्बम १९९६च्या अखेरीस येईल या हिशेबाने दौऱ्याच्या तारखा आधीच ठरवल्या गेल्या. अल्बम लांबला, तारखा लांबल्या नाहीत. २५ एप्रिल १९९७ रोजी लास वेगास येथे दौरा सुरू झाला तेव्हा सरावही पुरेसा झालेला नव्हता. पुढे ‘यू-टू बाय यू-टू’ (२००६) या ग्रंथात गायक बोनो यांनी ‘पॉप’ म्हणजे जगातील सर्वांत खर्चिक कच्चे ध्वनिमुद्रण होय, अशा आशयाचे विधान केले. तत्पूर्वी २००२च्या निवडक गाण्यांच्या संग्रहात ‘डिस्कोथेक’, ‘स्टेअरिंग ॲट द सन’ आणि ‘गॉन’ ही गाणी नव्या मिश्रणासह समाविष्ट झाली होती.

विम्सॅट आणि बियर्ड्स्ली यांनी १९४६ साली कर्त्याचा हेतू हा मूल्यमापनाचा निकष मानण्यातील तर्कदोष दाखवला होता. साहित्याच्या वर्गात हा सिद्धांत आपण निष्ठेने शिकवतो. रॉकसंगीताच्या समीक्षेत मात्र कर्त्याचा पश्चात्ताप हाच पुरावा ठरतो. वेळ कमी पडला हे घटनेविषयीचे विधान आहे, गाण्याविषयीचे नव्हे. ‘मायामी’ आणि ‘द प्लेबॉय मॅन्शन’ ही या अल्बममधील दुर्बल गाणी आहेत. त्यांचे दौर्बल्य मूळ कल्पनेत आहे, आणखी सहा महिने मिळाल्याने ते दूर झाले असते असे मानण्यास आधार नाही. २००२ साली बँडने त्यांना हातही लावला नाही, हे येथे लक्षात घ्यावे. नव्या मिश्रणात ‘गॉन’ला अधिक भरदारपणा आला हे मान्य करावे लागेल, ‘डिस्कोथेक’ची मूळ अस्वस्थ गजबज मात्र हरवली.

याउलट ‘मोफो’ या गाण्यात बोनो यांच्या आईच्या मृत्यूचे दुःख आहे. ती १९७४ साली, ते चौदा वर्षांचे असताना वारली. हे दुःख यंत्रवत् धावणाऱ्या तालाखाली दबलेले राहते, आणि नेमक्या त्या दबण्यामुळेच ते बोचते. येथे ताल गुळगुळीत असता तर विलाप उरला असता, घुसमट उरली नसती. ‘प्लीज’ उत्तर आयर्लंडमधील रखडलेल्या शांततेला उद्देशून आहे. त्याच्या स्वतंत्र आवृत्तीच्या मुखपृष्ठावर तेथील चार राजकीय नेत्यांचे चेहरे होते. अखेरचे ‘वेक अप डेड मॅन’ ही येशूला घातलेली थकलेली हाक आहे. डिस्कोपासून निघून प्रार्थनेपर्यंत पोहोचणारा हा क्रम उथळपणाच्या आरोपाला पुरेसे उत्तर देतो. पण आरोप करणारे बहुधा पहिल्या चित्रफितीपाशीच थांबले.

स्थळ बदलले की ग्रहण बदलते, याचा प्रत्यय याच दौऱ्यात आला. लास वेगासमध्ये सोनेरी कमान, प्रचंड विद्युत्पडदा आणि आरशांनी मढवलेले लिंबू यांचा देखावा त्या शहराच्या झगमगाटात विरून गेला. २३ सप्टेंबर १९९७ रोजी तोच देखावा साराजेव्होत उभा राहिला, तेव्हा वेढा उठून दीड वर्षच उलटले होते. बोनो यांचा आवाज त्या रात्री बसला होता, आणि सुमारे पंचेचाळीस हजार श्रोत्यांनी त्यांच्यासाठी गाणी म्हटली. जाहिरातबाजीची थट्टा करणारा तो देखावा तेथे शहर पुन्हा नांदते झाल्याची खूण ठरला.

पुढील काळात चाहत्यांमधील एका वर्गाने ‘पॉप’चा कैवार घेतला, आणि तो बहुतांशी बँडच्या मताविरुद्ध. डिसेंबर २०१९ मध्ये यू-टूचा भारतातील पहिला कार्यक्रम नवी मुंबईत झाला. त्याचा कणा १९८७चा ‘द जोशुआ ट्री’ होता. मार्च २०२३ मध्ये बँडने आपल्या चाळीस गाण्यांची शांत, नव्याने बांधलेली रूपे ‘साँग्ज ऑफ सरेंडर’मध्ये सादर केली. त्यांत ‘पॉप’मधील एकच गाणे आहे, ‘इफ गॉड विल सेंड हिज एंजल्स’; ‘मोफो’ किंवा ‘प्लीज’ नाही.