निवड नेमकी कोणाची?

‘द पीपल्स चॉइस’, अर्थात जनतेची निवड, हे नाव वाचून आम्हांस वाटले, हे लोकशाहीचे स्तोत्र असावे. काही प्रकरणांतच हा समज गळून पडला. पॉल लाझर्सफेल्ड, बर्नार्ड बेरेल्सन व हेझल गॉडेट यांचा हा ग्रंथ १९४४ साली प्रसिद्ध झाला. १९४० च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत, रूझवेल्ट व विल्की यांच्या लढतीच्या वेळी, ओहायोतील ईरी परगण्यातल्या सुमारे ६०० मतदारांना मे ते नोव्हेंबर या काळात पुनःपुन्हा भेटून त्यांची मते टिपली गेली. तोच माणूस, तोच प्रश्न, महिना मात्र निराळा. ही पद्धत त्या काळी अपूर्व होती.

निष्कर्ष विलक्षण आहे. जवळजवळ निम्म्या मतदारांचा निश्चय मे महिन्यातच झालेला होता आणि तो शेवटपर्यंत ढळला नाही. भाषणे, वृत्तपत्रे व रेडिओ यांमुळे एका पक्षाकडून दुसऱ्याकडे वळलेले लोक शंभरात सुमारे आठ! सांपत्तिक स्थिती, धर्म आणि ग्रामीण वा नागरी वास्तव्य एवढे कळले, की मत कुठे जाईल याचा अंदाज बांधता येतो, असे लेखकत्रयी दाखवून देते. प्रचाराने माणूस बदलतो थोडा. मुळात जो कल असतो तोच तो जागा करतो वा घट्ट करतो.

परंतु आम्हांला खिळवून ठेवले ते परस्परविरोधी ताणात सापडलेल्यांनी. सुस्थितीतील कॅथलिक मतदार घ्या. त्याची संपत्ती त्याला रिपब्लिकनांकडे ओढते, तर त्याचा धर्मसमाज डेमोक्रॅटांकडे. अशी माणसे निर्णय लांबणीवर टाकतात, आणि पुष्कळदा निवडणुकीतील त्यांचे स्वारस्यच मावळते.

येथे आमचे मन बंड करून उठले. ज्याला खरोखर निवड करावी लागते त्यालाच उदासीन म्हणावे काय? त्याच्या मौनात सदसद्विवेकबुद्धीची झुंज चालली नसेल कशावरून? तथापि ग्रंथ आमच्या या दिलाशालाही फारसा थारा देत नाही. उशिरा ठरवणारे मतदार सर्वांत कमी वाचणारे व कमी ऐकणारे आढळले. दोन्ही बाजू तोलून पाहणारा जो आदर्श नागरिक शाळेच्या पुस्तकात भेटतो, तो ईरी परगण्यात फारसा भेटला नाही. शेवटी त्यांना वळवतो तो बहुधा ओळखीचा माणूस: शेजारी, सोबती, घरचे कोणी. मतपेटीशी एकट्याने जाणाऱ्याच्या मागे केवढी गर्दी असते!

ग्रंथाची शैली रूक्ष आहे. कोष्टकांनी पाने भरली आहेत. मतदारांचे बोल मधूनमधून येतात, पण ते निष्कर्षाला पुरावा म्हणून. दोन ओढींत सापडलेल्या एखाद्याची मेपासून नोव्हेंबरपर्यंतची सगळी उत्तरे ओळीने, त्याच्याच शब्दांत दिली असती, तर त्या पानांसाठी आम्ही अर्धी कोष्टके आनंदाने सोडून दिली असती.