मामांची तालीम आणि मराठवाड्याची कुस्ती

जानेवारी २०२० मध्ये पुण्याच्या बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची शेवटची कुस्ती लागली, तेव्हा काका पवारांची चांगलीच पंचाईत झाली असणार. एका बाजूला नाशिककडून उतरलेला हर्षवर्धन सदगीर, दुसऱ्या बाजूला लातूर जिल्ह्यातला, औसा तालुक्याचा शैलेश शेळके. दोघेही त्यांचेच पठ्ठे, एकाच तालमीत घाम गाळलेले. वस्तादानं कोणाच्या बाजूनं ओरडायचं? सदगीर ३-२ नं जिंकला आणि त्यानं हरलेल्या शैलेशलाच खांद्यावर उचलून घेतलं. तो फोटो दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रभर फिरला. गदा लातूरला आली नाही, पण वस्ताद लातूरचाच होता. आणि त्या वस्तादाचे वस्तादही लातूरचेच: निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार, ज्यांना कुस्तीतली लहानथोर माणसं ‘मामा’ म्हणत.

मराठवाड्याच्या पुरुष कुस्तीचा आजचा ताळेबंद मांडायचा तर तो बिराजदारांपासूनच मांडावा लागतो. त्यांच्या आधी इथे पैलवान नव्हते असं नाही. पण कोल्हापूरला शाहू महाराज मिळाले, १९१२ साली खासबागेचं मैदान मिळालं, पंजाबपासूनचे मल्ल दरबाराच्या खर्चानं येऊन राहिले. निजामाच्या मुलखात मराठवाड्याच्या वाट्याला असा कुस्तीवेडा राजा आला नाही. इथली कुस्ती जत्रेच्या भरवशावर आणि गावच्या पाटलाच्या मर्जीवर जगली. गंमत अशी की महाराष्ट्र केसरीचं पहिलं मैदान १९६१ मध्ये भरलं ते औरंगाबादला, म्हणजे मराठवाड्याच्याच राजधानीत. पण किताब जिंकला दिनकर दह्यारींनी, म्हणजे पश्चिम महाराष्ट्रानं. पुढं काही वर्षं हेच चाललं. मैदान कुठंही भरो, किताब मराठवाड्याबाहेरच राहायचा.

१९६९ मध्ये महाराष्ट्र केसरीचं अधिवेशन लातूरला आलं आणि विशीच्या आसपासच्या बिराजदारांनी घरच्या मातीत किताब मारला. लगेच पुढच्या वर्षी, १९७० मध्ये, एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक. या दोन विजयांतलं अंतर आज सहज लक्षात येत नाही. लातूरची कुस्ती मातीत, म्हणजे पाय रुतणाऱ्या, घसरणाऱ्या जमिनीवर, हलगीच्या ठेक्यावर. एडिंबरोची कुस्ती गादीवर, घड्याळ लावून, गुण मोजून. मातीत दमानं खेळणाऱ्याला खडाखडीत प्रतिस्पर्ध्याला थकवायला वेळ असतो. गादीवर पहिल्या मिनिटाला दोन गुण गेले की पुढचा सगळा खेळ ते फेडण्यात जातो. त्या काळी गावोगाव गादी नव्हती, बहुतेक पैलवानांना ती स्पर्धेच्या ठिकाणीच दिसायची. एका वर्षाच्या अंतरानं दोन्ही ठिकाणी जिंकणारा माणूस मराठवाड्यातला असू शकतो, ही गोष्ट निलंग्याच्या पोरांना तोपर्यंत कोणी सांगितली नव्हती.

पुढं रुस्तम-ए-हिंदचा किताब आला आणि १९७७ मध्ये बेळगावच्या मैदानात दिल्लीच्या सतपालला त्यांनी अस्मान दाखवलं. सतपाल त्या काळात महाराष्ट्राच्या मैदानांतला सर्वांत दरारा असलेला उत्तरेचा मल्ल. त्याला कोणीतरी पाडावं ही मराठी प्रेक्षकाची भूक होती. जुन्या माणसांसमोर बिराजदारांचं नाव काढलं की ते एडिंबरोच्या आधी बेळगाव सांगतात. मला मात्र त्या कुस्तीत वेगळंच दिसतं. त्या दिवशी मातीत उतरलेले दोन्ही पैलवान पुढं वस्ताद झाले, आणि त्यांच्या तालमींची तुलना केली की आपल्याकडच्या कुस्तीचं दुखणं नेमकं कुठं आहे ते कळतं.

सतपालनी १९८२ च्या दिल्ली एशियाडचं सुवर्ण मिळवलं आणि १९८८ पासून दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये पोरं घडवायला घेतली. सरकारी जागा, गाद्या, वसतिगृह, हरियाणाच्या गावांतून येणारी दहा-बारा वर्षांची पोरं. तिथून सुशीलकुमार निघाला, योगेश्वर दत्त निघाला, नंतर रवी दहिया, अगदी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला कांस्य मिळवणारा अमन सेहरावतसुद्धा. बिराजदारांनी पुण्यात गोकुळ वस्ताद तालीम सांभाळली. तिथून महाराष्ट्र केसरीच्या मैदानात झळकणारे आणि देशाकडून खेळणारे पैलवान आले, अर्जुन पुरस्कार आला, राष्ट्रकुलचं सुवर्ण आलं. ऑलिम्पिकचं पदक आलं नाही. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकी कांस्यानंतर महाराष्ट्राच्या पुरुष कुस्तीला ते आजतागायत आलेलं नाही, तेव्हा हा दोष एकट्या मामांच्या माथी मारणं अन्यायाचं. पण बेळगावला पडलेला वस्ताद म्हणून जिंकला, हे नाकारण्यातही अर्थ नाही. सतपालना एक व्यवस्था मिळाली. बिराजदारांना स्वतःचं नाव आणि तालमीची चार भिंतींची जागा.

म्हणूनच बिराजदारांचा प्रभाव डावांत शोधू नये. अमुक डाव बिराजदारी, असं कोणी म्हणत नाही. त्यांचा प्रभाव माणसांच्या ओळीत आहे, आणि ती ओळ काका पवारांपाशी विलक्षण वळण घेते. पवार लातूरचे, मामांचे पठ्ठे, आणि नाव कमावलं ते ग्रीको-रोमन प्रकारात. या प्रकारात कमरेखाली हात लावता येत नाही, पायाचा डाव टाकता येत नाही. म्हणजे एकेरी पट, दुहेरी पट, टांग, कलाजंग असे मराठी पैलवान लहानपणापासून ज्यावर वाढतो ते सगळे डाव तिथं बाद. उरते छातीला छाती लावून केलेली पकड, कमरेला मिठी, समोरच्याला उचलून मागं कमान टाकत फेकणं. मराठवाड्यातल्या पोरानं स्वतःच्या हातातली निम्मी विद्या बाजूला ठेवून उरलेल्या निम्म्यावर १९९८ चा अर्जुन पुरस्कार मिळवावा, ही साधी गोष्ट नाही. मामांच्या मातीच्या तालमीतून हे घडलं, यातच मामांचं वस्तादपण दिसतं. पठ्ठ्यानं आपल्यासारखंच लढावं हा हट्ट त्यांनी धरला नाही.

पवारांनी पुढं कात्रज परिसरात स्वतःचं कुस्ती संकुल उभं केलं, आणि २०११ मध्ये मामा गेल्यावर त्यांचे अर्धवट घडलेले पठ्ठेही तिथं आले. त्यातला एक राहुल आवारे, बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात त्यानं कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ नं हरवून सुवर्ण घेतलं आणि ते मामांना अर्पण केलं. १५-७ हा आकडा नीट बघा. एवढे गुण देणारा पैलवान बचाव करत बसलेला नसतो. तो सहा मिनिटं सतत मारत असतो, मार खातही असतो. राहुलची कुस्ती मला म्हणूनच आवडते. ती गुणांच्या हिशेबाची असूनही मैदानी वाटते.

पुढच्याच वर्षी कझाकस्तानात नूर-सुलतानला जागतिक स्पर्धा झाली. राहुलनं अमेरिकेच्या टायलर ग्राफला ११-४ नं हरवून कांस्य मिळवलं, पण ६१ किलोत. त्याच स्पर्धेत ५७ किलोचं कांस्य छत्रसालच्या रवी दहियानं घेतलं. ५७ किलो हा ऑलिम्पिकचा गट, ६१ नाही. टोकियोला रवी गेला आणि रौप्य घेऊन आला. बिराजदारांचा पठ्ठा आणि सतपालांचा पठ्ठा एकाच स्पर्धेत एकाच रंगाचं पदक गळ्यात घालून उभे राहिले, आणि पुढची वाट एकालाच मिळाली. राहुल पुढं पोलिस खात्यात उपअधीक्षक झाला. सन्मान मोठाच, पण ज्या वयात दिल्लीकडची पोरं तयारीसाठी परदेशी सराव शिबिरांना जातात त्या वयात आमच्याकडचा पैलवान नोकरीच्या आदेशाची वाट बघतो, हे चित्र जुनंच आहे.

आता नांदेडकडे वळू, कारण लातूरच्या या ओळीनं नांदेडला जवळजवळ वळसाच घातला. २००१ चं महाराष्ट्र केसरी अधिवेशन नांदेडला झालं. गदा पुणे जिल्ह्याच्या राहुल काळभोरनं नेली. १९६९ नं लातुरात जे पेरलं तसं काही त्या अधिवेशनानं नांदेडात पेरलं असं दिसत नाही. नांदेडची कुस्ती आजही यात्रेतली कुस्ती आहे, आणि तिचं सर्वांत मोठं ठिकाण म्हणजे लोहा तालुक्यातलं माळेगाव. मार्गशीर्ष सरता सरता खंडोबाची यात्रा भरते, घोडे-गाढवांचा बाजार भरतो, आणि त्याच गर्दीत कुस्त्यांची दंगल लागते.

ही यात्रेची कुस्ती जवळून बघण्यासारखी आहे. सुरुवात पोरांच्या नारळावरच्या कुस्त्यांनी. मग एखादा तगडा गडी लंगोट कसून हात वर करत आखाड्याला फेरी मारतो, जोड शोधतो. गर्दीतून कोणीतरी उठतो, पंच दोघांना शेजारी उभं करून खांद्याला खांदा लावून बघतात, वजनकाटा नाहीच. इनाम पुकारलं जातं. हलगीवाला ठेका धरतो. दोघं मूठभर माती एकमेकांच्या अंगावर टाकतात आणि हात मिळवतात. पाच मिनिटं झाली तरी निकाल नाही की प्रेक्षकच ओरडायला लागतात: नुरा (ठरवून लावलेली कुस्ती) आहे, सोडवा! चितपट झाली की जिंकलेला गडी गर्दीतून फिरतो आणि लोक खिशातून नोटा काढून देतात. बालेवाडीतल्या ३-२ सारखा आकडा इथं कोणाला सांगितला तर हसतील. पाठ लागली की नाही, एवढंच बघायचं. हा प्रेक्षक तयार आहे, त्याला कुस्ती कळते. पण त्याला जे आवडतं ते खेळून कुठल्याही राज्य संघात जागा मिळत नाही, आणि ज्यानं जागा मिळते ते बघायला तो बसत नाही. लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या कुस्त्यांचंही थोड्याफार फरकानं हेच.

आणि लातूर? दहावी-बारावीच्या लातूर पॅटर्ननं आणि नंतर नीटच्या क्लासेसनी हे शहर असं झालंय की राज्यभरातली पोरं घर सोडून इथं खोल्या घेऊन राहतात, मेस लावतात, आई-बाप जमीन गहाण टाकून फी भरतात. एका विषयाचा एक चांगला मास्तर असला की त्याच्याभोवती सगळी व्यवस्था आपोआप उभी राहते, हे लातूरला देशात अनेकांहून जास्त कळतं. तेच लातूर आपल्या पैलवानाला मात्र सोळाव्या वर्षी पुण्याच्या नाहीतर कोल्हापूरच्या गाडीत बसवतं. डॉक्टर घडवायला बाहेरची पोरं आत, पैलवान घडवायला आतली पोरं बाहेर. बिराजदार पुण्याला गेले, पवार गेले, शेळके गेला. मराठवाड्याची कुस्ती जिवंत आहे, पण ती कात्रजला राहते.

पाण्याचाही हिशेब यात आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. जिथं माणसाला पाणी नाही तिथं म्हैस विकली जाते, आणि म्हैस विकली की पैलवानाचं दूध-तूप सुटतं. बदाम, थंडाई, अंडी, फळं यांचा खर्च अल्पभूधारक बापाला कोरड्या वर्षी झेपत नाही. मग पोरगं तालमीतून कामाला लागतं, किंवा कोणी आश्रयदाता पुण्यात शोधला जातो. सांगली-कोल्हापूरकडे ऊस आहे, दूध संघ आहेत, गावोगाव हौसेनं इनाम लावणारे आहेत. हा फरक गुणवत्तेचा नाही.

पण सगळं दुष्काळावर ढकलणं सोपं आहे, आणि मला ते पटत नाही. खरी अडचण जोडीची आहे. पैलवान एकटा घडत नाही; त्याला रोज स्वतःच्या वजनाची, स्वतःहून थोडी वरचढ अशी चार-सहा पोरं सरावाला लागतात. ती जिथं आहेत तिथंच चांगला वस्ताद थांबतो, आणि वस्ताद जिथं थांबतो तिथंच पुढची पोरं जातात. मामांनी हे चक्र पुण्यात सुरू केलं, कारण त्या वेळी पुण्यातच ते सुरू होऊ शकत होतं. आज तशी परिस्थिती नाही. लातुरात गादी मिळते, हरियाणाच्या कुस्त्या मोबाईलवर दिसतात. नाही तो पगारी, पूर्णवेळ वस्ताद, आणि पंधरा-वीस पोरांच्या खुराकाचा महिन्याचा खर्च उचलणारी संस्था. साखर कारखाने, बाजार समित्या, आणि हो, नीटचे क्लासेसवाले, यांच्यातल्या एकानंही हे मनावर घेतलेलं माझ्या पाहण्यात नाही. यात्रेत चांदीची गदा देणारे मात्र दरवर्षी वाढतात, आणि ती गदा घ्यायला पोरं कात्रजहून येतात.