वारली किनार आणि फिकट अक्षरे

डहाणू-तलासरी भागातल्या एका शाळेत टॅब्लेटवर चालणारा एक सराव-कार्यक्रम आम्ही पाहिला. पडद्याला वारली चित्रांची सुरेख किनार होती: गेरूच्या पट्टीवर पांढरा तारपा, नाचणारी माणसे, झाडे. मुले किनारीवर खूश होती. प्रश्न मात्र डोळे बारीक करून वाचत होती, कारण अक्षरे पांढऱ्यावर करडी, आणि तीही बारीक! ‘रग’ आणि ‘रंग’ यांत फरक एका टिंबाचा. ते टिंबच दिसेना.

किनार ज्यांच्याकडून घेतली, त्यांच्याकडून रचनाकाराने थोडे शिकूनही घ्यायला हवे होते. गेरूने सारवलेली कुडाची भिंत, त्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. घरात उजेड बेताचा, तरी चित्र उठून दिसते. बारीक तपशील टिपताना आपली दृष्टी रंगछटेपेक्षा उजळपणातल्या फरकावर अधिक विसंबते. हा फरक मोजता येतो. संगणकाच्या पडद्यांसाठी जगभर वापरली जाणारी सुलभतेची नियमावली नेहमीच्या आकाराच्या अक्षरांना किमान ४.५ : १ एवढे गुणोत्तर मागते. पांढऱ्यावरचा एक सर्रास वापरला जाणारा करडा रंग २.८५ वरच अडतो. गडद गेरूवरचा शुभ्र पांढरा, आमच्या हिशेबाने, ७ च्या पुढे जातो.

दुसरा दोष अधिक गंभीर. बरोबर उत्तराला हिरवा ठिपका, चुकीला लाल. दुसरी खूण नाही. लाल-हिरवा भेद न कळणारी मुले असतात. या दोषाची जनुके क्ष-गुणसूत्रावर असल्याने त्यांत मुलगेच जास्त. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी ही कला कागद-कापडावर जगापुढे नेली. या चित्रांत बाई ओळखू येते ती अंबाड्यावरून, रंगावरून नव्हे. बरोबर-चूक दाखवायला एक ✓ आणि एक ✗ पुरले असते.

अर्थात वारली चित्र सर्वच बाबतींत कित्ता नव्हे. गच्च भरलेली भिंत सावकाश पाहायची असते. तशा गर्दीत ‘पुढे’चे बटण शोधणे कठीण. या कार्यक्रमाची बटणे मोठी व सुटी आहेत, प्रश्न ऐकण्याचीही सोय आहे, हे मान्य करायलाच हवे.

शिक्षकांनी एक प्रयोग करावा. टॅब्लेटच्या सेटिंगमध्ये रंग काढून पडदा कृष्णधवल करावा, तो अंगणातल्या उन्हात न्यावा आणि बरोबरचा ठिपका कोणता, हे मुलांना विचारावे. किनार तेवढी तेव्हाही ओळखू येईल.