जर्नल : एक उपेक्षित वाङ्मयप्रकार

मराठी समीक्षकांनी कथा, कविता, कादंबरी या सगळ्यांची पिसं काढली. पण कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरांच्या ‘जर्नल’ नावाच्या वाङ्मयाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. वास्तविक, पंढरीच्या वारीनंतर एवढ्या निष्ठेने चालवलेली परंपरा हीच. थोरल्याचं जर्नल धाकटा उतरवतो, धाकट्याचं त्याचा मित्र. काना-मात्रेचा फरक नाही!

या वाङ्मयातली एक अभिजात कृती म्हणजे ‘लीप वर्ष ओळखा’. चाराने भाग गेला की लीप, संपलं. शेजारच्या चिरंजीवांना विचारलं, “मग १९०० साल?”

“लीपच की ओ काका!”

“अरे, शंभराने भाग जात असेल तर चारशेनेही जावा लागतो.”

“सरांनी सही केलीय की ओ!”

सहीपुढे शहाणपण चालत नाही. एक्सेलमध्येही २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख आहे. लोटस १-२-३ मधली ही चूक मायक्रोसॉफ्टने जुळणी बिघडू नये म्हणून जाणूनबुजून ठेवली. त्यांनी चूक ओळखून उतरवली. आमचे चिरंजीव न ओळखता उतरवतात. पण दर वेळी तारखेवर भागत नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान-५ रॉकेट उडाल्यावर चाळीसेक सेकंदांत फुटलं. एरियान-४ चा प्रोग्रॅम नव्या वेगासाठी न तपासता तसाच घेतला होता. सोळा बिटांच्या जागेत तो आकडा मावला नाही.

खरं तर सोलापूरला हे बाहेरून शिकायची गरज नाही. आपली चादर जेकार्ड मागावरची. पुठ्ठ्याच्या कार्डात भोक असेल तिथे दोरा वर उचलला जातो, नसेल तिथे नाही. बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हीच कार्डं घेतली. पण मोराची मान वाकडी आली, तर विणकर माग थांबवून कार्ड तपासतो. ‘कार्डात तसंच आहे’ म्हणून शंभर वाकडे मोर विणत बसत नाही.

आता तर प्रोग्रॅमही यंत्रच लिहून देतं. उतरवण्याचे कष्टसुद्धा वाचले. माणसाला उरलं ते ‘हे बरोबर कशावरून?’ एवढंच विचारणं. तेव्हा परीक्षेत प्रोग्रॅम लिहायला पाच मार्क ठेवा आणि दिलेल्या प्रोग्रॅममधली खोट काढायला दहा. शेंगाचटणीत मीठ कमी पडलं तर दुकानदाराला चारचौघांत सुनावणाऱ्या गावाला खोट काढायला शिकवावं लागत नाही. फक्त मार्क द्यावे लागतील.